मधल्या वाटेवरचे निरोप

"तिला सांग, मला तिच्या हातचं पाणीसुद्धा नको," प्रकाश दांडगे म्हणाला.

वर्गात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. एकीवर प्रकाश बसला होता, तो नवरा. दुसरीवर विजया, ती बायको. दोघांचा अबोला आहे असं मी ठरवून दिलं होतं, आणि त्यांच्या मधे घरातली एक व्यक्ती निरोप्या म्हणून उभी केली होती. ती मंदा मोहोड. एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. सावळी, उंच, ओढणीचं टोक सतत बोटाला गुंडाळणारी.

मंदा वळसा घालून विजयाच्या पुढ्यात गेली, जरा वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ते म्हणतात, पाणी नको आणू. तू दमली असशील. बस जरा."

वर्ग खो खो हसला. विजयाला रागावून दाखवायचं होतं, तिलाही हसू आवरेना.

"मंदा," मी म्हटलं, "असं कुठं म्हणाला तो?"

मंदा मात्र हसत नव्हती. तिनं प्रकाशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपण काही वेगळं बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. मग ती चाचरत म्हणाली, "म्हणाला नाही मॅडम. पण त्याला तसंच म्हणायचं असेल ना?"

मी तेव्हा विदर्भातल्या एका विद्यापीठात शिकवत होते. कुटुंबातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुठं अडतात, आणि बाहेरच्या माणसानं ती गाठ सोडवायला हात कसा लावावा, हा माझा विषय. मुंबईला शिकून आले होते. विभागाच्या टोकाच्या खोलीबाहेर 'कुटुंब सल्ला केंद्र' अशी पाटी मी भांडून लावून घेतली होती, आणि दर बुधवारी तिथं बसत होते. गावात लोक म्हणायचे, भोयरबाईंनी घरोघरची धुणी विद्यापीठात आणलीत. म्हणेनात. माझा बोलण्यावर भारी विश्वास होता. अडलेलं माणूस बोलतं केलं की निम्मं काम झालं, आणि बोलतं करायला माझ्यासारखं दुसरं कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या विभागाला संशोधनासाठी एक जागा देऊ केली. दोन वर्षं तिथं राहायचं, शिष्यवृत्ती मिळायची. मी मंदाचं नाव घातलं. तिच्याइतकं कान देऊन ऐकणारी मुलगी मला तोवर भेटली नव्हती. ती हरखून जाईल असं वाटलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी नाही म्हणायला आली.

विभागाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या.

"घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही मॅडम."

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"मग अडतंय कुठं?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी गेले तर आई-बाबा बोलणार कसे?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग तिनं सांगितलं. तिच्या गावी त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. गावाच्या टोकाला घर, मधे नाला, नाल्यापलीकडे बगीचा. ती आठ-नऊ वर्षांची असताना आई-बाबांचं काहीतरी बिनसलं. कशावरून ते तिला माहीत नव्हतं. त्याच सुमारास विहिरीवरच्या मोटारीला रात्रीची वीज मिळायला लागली. ओलितासाठी बाबा बगीच्यातल्या खोलीवर झोपायला गेले, आणि पुढं तिथलेच झाले. घरापासून इतक्या जवळ की गावात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई घरी, बाबा बगीच्यात. मधल्या वाटेवर डबा घेऊन मंदा. डब्याबरोबर निरोप जायचा, रिकाम्या डब्याबरोबर निरोप यायचा. पंधरा वर्षांत ती दोघं एकमेकांशी शब्द बोलली नव्हती. ती कॉलेजला होस्टेलवर आल्यावर डबा गड्याच्या हाती जाऊ लागला, पण निरोप गड्याच्या हाती देत नसत. मंदा दर शनिवारी गावी जायची.

"आणि मधले सहा दिवस?"

"थांबतात," ती म्हणाली. "साठवून ठेवतात."

तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. कोणाच्या घरी विहीर लांब असते, कोणाच्या घरी वीज नसते, तसं तिच्या घरी हे होतं.

"दोघांना माझ्याकडे घेऊन ये," मी म्हटलं.

"दोघांना?" तिचा चेहरा उतरला. "एका खोलीत?"

"एका खोलीत. आणि तू बाहेर थांबायचं."

"मग त्यांना एकमेकांचं कळणार कसं, मॅडम?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

त्यांना बोलतं कसं करायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. पहिला प्रश्न कोणाला, दुसरा कोणाला, राग कुठं काढून द्यायचा, रडू कुठं येऊ द्यायचं. मंदा शनिवारी गावी गेली आणि दोघांना वेगवेगळं गाठून पुढच्याच्या पुढचा बुधवार पक्का करून आली.

मधेच माझा आवाज गेला. घसा महिनाभर धरलेलाच होता, मी अंगावर काढत होते. डॉक्टरांनी आरशानं पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. बारीकसं ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टर मला शाळकरी मुलीसारखं दटावून म्हणाले, "आता अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. हसायचं तेही आवाज न करता. नाहीतर गेला आवाज कायमचा."

पहिले दोन दिवस मी चिडचिड केली. नंतर मात्र काहीतरी विलक्षण व्हायला लागलं. बोलायचं नाही म्हटल्यावर माझ्या मनातलीही बडबड हळूहळू थांबली. सगळं लांबून यायला लागलं. दूधवाल्याची हाक, कावळे, रस्त्यावरची सायकलची घंटी. जणू मी एखाद्या डोहाच्या तळाशी बसले होते आणि वर, उन्हात, लोकांचं जग चाललं होतं. माणसं माझ्याशी बोलायची, मी नुसती बघायची, आणि त्यांचे चेहरे बोलण्याच्या आधी आणि बोलून झाल्यावर काय करतात ते मला दिसायचं. इतकी वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं, कारण तेवढ्यात मी पुढचा प्रश्न विचारत असे.

बुधवारची मोहोड मंडळींची भेट पुढं ढकलायला हवी होती. पण त्यांच्या गावी फोन नव्हता, आणि मला हे सुचेपर्यंत मंदा मंगळवारीच त्यांना आणायला गेली होती. चहा पाजून, नमस्कार करून परत पाठवू, असं मनाशी म्हणत मी केंद्रात जाऊन बसले.

ती दोघं एकाच एस. टी.नं आली होती. आई पुढं बायकांच्या बाकावर, बाबा अगदी मागं. हे मंदानं दारातच सांगितलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. "मॅडम, तुम्हाला बोलता येत नाही. आणि मी आत यायचं नाही. मग आत होणार काय?"

मला माहीत नव्हतं. मी तिचा हात चौकटीवरून सोडवला आणि व्हरांड्याकडे बोट दाखवलं.

भाऊरावजी मोहोड आधी आत आले. सडसडीत, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, उन्हानं रापलेला लांबट चेहरा. मागून शेवंताबाई आल्या. ठेंगण्या, ठसठशीत, डोक्यावरचा पदर नीट घेतलेला. तीन खुर्च्यांपैकी मधली सोडून दोघं दोन टोकांना बसली. आणि खोलीत एक वास आला. संत्र्याला आंबिया बहार फुटला होता, बगीचे पांढऱ्या फुलांनी भरले होते. दोघं दोन ठिकाणांहून आली होती, पण दोघांच्या कपड्यांना वास तोच होता.

मी आधीच लिहून ठेवलेला कागद पुढं केला. 'माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आहे. मला बोलता येत नाही. माफ करा. चहा घेऊन जा.'

भाऊरावजींनी तो लांब धरून वाचला. मग टेबलावर ठेवला आणि एका बोटानं हळूच सरकवला, मधल्या खुर्चीच्या समोरपर्यंत. शेवंताबाईंनी तो तिथून आपल्याकडे ओढून घेतला. वाचला. नीट घडी घालून परत ठेवला.

मग कोणीच काही बोललं नाही.

इतकी लांब, इतकी गाढ शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. झरोक्यात पारवा घुमत होता. ऑफिसातलं टाइपरायटर मधेच वाजायचं, मधेच थांबायचं. खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा फरशीवर होता तो सरकत सरकत शेवंताबाईंच्या पावलांवर चढला. भाऊरावजी त्या कवडशाकडे बघत होते. शेवंताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. फुलांच्या वासानं मला गुंगी आल्यासारखं झालं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा वाटलं, आपण तिघं इथं पूर्वीही अशीच बसलो होतो.

काशीनाथ शिपायानं चहा आणला, कपबशा ठेवून गेला. भाऊरावजींनी कपाला हात घातला आणि तो उचलला.

"गरम हाये," शेवंताबाई म्हणाल्या.

हात हवेतच थांबला. शेवंताबाईंनी दचकून इकडेतिकडे पाहिलं, जणू कोण बोललं ते त्या शोधत होत्या.

"हाव," भाऊरावजी म्हणाले. आवाज फुटता फुटता निघाला. जरा वेळानं म्हणाले, "बशीत घेतो."

त्यांनी चहा बशीत ओतला. थोडा टेबलावर सांडला. शेवंताबाईंनी पदराच्या टोकानं तो टिपला. टिपून झाल्यावर पदर बराच वेळ मुठीत धरून बसल्या.

"बहार मस्त फुटला औंदा," भाऊरावजी बशीकडे बघत म्हणाले.

"वास येते घरी."

"हाव. तू निरोप धाडला होता ना मागं. बहार फुटला की रातभर खिडकी उघडी ठेवतेस म्हणून. तवापासून मी त्या बाजूची झाडं छाटली नाही."

शेवंताबाईंनी मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मी?"

"मंदीनं सांगतलं."

"मी तं खिडकी लावून घेते. मले त्या वासानं डोकं दुखते. मी सांगतलं होतं, त्या बाजूची झाडं तोडून टाका."

भाऊरावजींनी बशी खाली ठेवली.

शेवंताबाईंनी विचारलं, "मग ते भाकरीचं?"

"कोनतं भाकरीचं?"

"की माह्या हातची ताजी भाकर नसली तं तुमाले जेवन जात नाही. तुमचाच निरोप होता. मी दोन्ही वखत चूल पेटवून धाडते, तवापासून. ताप असो का काही असो."

"मी म्हनलं होतं, भाकर वाळून येते. दात हालतात." ते अडखळले. "पन मग ताजी येऊ लागली. मले वाटलं..." त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही.

मला हसू येत होतं आणि हसायची मला बंदी होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जिरून गेलं. दोघं एकेक निरोप काढायला लागली. जुनी ट्रंक उघडून दोघं समोरासमोर बसावीत आणि एकेक कपडा हातात घेऊन विचारावं, हा तुझा का, हा तुझा का, तसं चाललं होतं. भाऊरावजींची आई गेली तेव्हा शेवंताबाईंनी म्हणे सांगून पाठवलं होतं, त्यांनी मला लेकीसारखं वागवलं. "मी कायले म्हनू असं? लेकीसारखं वागवलं असतं तं म्हटलं असतं." शेवंताबाईंचा पाय मोडला तेव्हा म्हणे भाऊरावजींनी सांगितलं होतं, घागरीला हात लावू नको, तू आहेस तर घर आहे. "मी म्हनलं, पानी भराले बाई लाव. एवढंच." एकेक निरोप हातात घेतला जाई आणि दोघांपैकी कोणाचाच नाही म्हणून बाजूला पडे. ढीग वाढत चालला.

शेवटी भाऊरावजी अगदी हळू म्हणाले, "मग एवढी वर्सं मी कोनासंगं बोलून राहिलो होतो?"

शेवंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. "पोरीसंगं," त्या म्हणाल्या.

ते ताडकन उठले. मला वाटलं, निघाले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलवा तिले."

मंदा व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी दारात आले, तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती आत आली ती सवयीनं त्या मधल्या खुर्चीपाशीच जाऊन उभी राहिली. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा.

"खिडकीचं तू म्हनलं?" भाऊरावजींनी विचारलं.

"हो बाबा."

"भाकरीचं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"हो."

"काहून?" ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज पार बसला होता. "काहून केलं असं तू?"

मंदा झोपेतून बोलल्यासारखी बोलली. "मधल्या वाटेवर चिंच आहे ना, तिथपर्यंत आईचं बोलणं मी जसंच्या तसं घोकत जायची. चुकू नये म्हणून. चिंच ओलांडली की बगीचा दिसायचा. बाबा दिसायचे, वाकून काहीतरी करत असलेले. मग ते सांगवायचं नाही. येतानाही तसंच. चिंचेपर्यंत बाबांचं. पुढं घर दिसायचं, आई दारात उभी असायची." ती थांबली. "मी लहान होते. नंतर मोठी झाले, पण तुम्ही दोघं वाट बघायला लागला होता."

पारवा उडून गेला. टाइपरायटरही थांबलं होतं.

भाऊरावजी म्हणाले, "एक सांग. एक तरी खरा होता का? तिचा एक तरी निरोप तू जसाच्या तसा आनला का?"

"एक," मंदा म्हणाली.

शेवंताबाईंनी मान वर केली.

"गारपीट झाली होती त्या दिवसाचा. सगळा बगीचा झोडपला होता. जमीन पांढरी झाली होती. आई दारात उभी राहून तिकडे बघत होती, मग मला म्हणाली, त्यांना म्हणावं, घरी या. मी धावत गेले. गारांवरून पाय घसरत होते. मला काही बदलायला सुचलंच नाही. तेवढंच सांगितलं मी तुम्हाला. घरी या."

भाऊरावजी हळूच खाली बसले.

"आठवतं का बाबा?"

"आठवते." त्यांनी दुपट्टा तोंडावरून फिरवला. "मले वाटलं, तू आपल्या मनानं म्हनून राहिली. घाबरली होती तू. रडत होती. मी म्हनलं, हे तिचं बोलनं नाही. तिचे निरोप असे नसत. तिचे निरोप कसे..." त्यांनी हातानं काहीतरी लांब, मऊ दाखवलं. "हे दोनच शब्द होते."

"दोनच होते," शेवंताबाई म्हणाल्या. "मी दार उघडं ठेवलं होतं."

मी माझ्या खुर्चीत होते. बोलता येत असतं तर मी त्या क्षणी नक्की काहीतरी बोलले असते. काहीतरी शहाणपणाचं, हळुवार, मधे पडून सावरून घेणारं. तशी वाक्यं माझ्याकडे पुष्कळ होती.

"मी सोता आले असते सांगाले," शेवंताबाई पुढं म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पन तुमी म्हनलं होतं. विहिरीच्या जागेवर, चार मानसांत, त्या पानी पाहनाऱ्या पानाड्यासमोर. मी म्हनलं, इथं पानी नाही लागनार. तं तुमी म्हनलं, तुले कोनी इचारलं? मी म्हनलं, बरं. आता इचारल्याबिगर नाही बोलनार."

"पन पानी लागलं ना तिथं!"

"लागलं. तिथंच तं सारं बिघडलं. पानी नसतं लागलं तं तुमी खाली मान घालून आले असते. लागलं म्हनून तुमाले वाटलं, आपलं खरं झालं. मग काहून इचारता मले?"

भाऊरावजी सवयीनं मंदाकडे वळले. "तिले इचार मंदा, की..."

त्याच वेळी शेवंताबाईही तिच्याकडे वळून म्हणाल्या, "त्याईले सांग..."

"नाही," मंदा म्हणाली.

दोघंही थांबली.

"मी नाही विचारणार. मी नाही सांगणार. मला दमल्यासारखं झालंय, आई." ती मधल्या खुर्चीपासून निघाली, माझ्यासमोरून गेली आणि दाराबाहेर पडली. मी उठले. त्या दोघांना तसंच, दोन टोकांच्या दोन खुर्च्यांवर सोडून मी तिच्या मागं गेले आणि दार ओढून घेतलं. सल्ला देणाऱ्या बाईनं मधेच खोली सोडून जाणं आमच्या शास्त्रात बसत नाही. पुढं मुलांना शिकवताना मी ते कितीदा सांगितलं असेल, आणि सांगताना दर वेळी जरा अडखळले असेन.

पुढचं सांगायचं तर मंदा जूनमध्ये मुंबईला गेली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा हसत हसत म्हणाली, "मॅडम, दोघं इतकं भांडतात आता, शेजारचे सोडवायला येतात." भाऊरावजी पावसाळ्याच्या तोंडाशी आपली बाज गाडीत घालून घरी आले होते. बगीच्यावर गडी ठेवला. त्या बाजूची झाडं तोडायची की ठेवायची, यावरून म्हणे वर्षभर वाद चालला. मंदानं पीएच. डी. केली, शिकवायला लागली, आणि आज तिच्या हाताखाली शिकलेली मुलं गावोगावी घरांमधे बसून ऐकतात. माझा आवाज परत आला, जरा घोगरा होऊन. निवृत्त होईपर्यंत मी बुधवारी त्या खोलीत बसले. मुलं आपसांत म्हणायची, भोयर मॅडमच्या केंद्रात सगळ्यांत कमी मॅडमच बोलतात. ऐकून मला बरं वाटायचं.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मंदा आणि मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून अंगणात आलो. उन्हात आल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. तिला कुठं न्यावं ते मला सुचेना, म्हणून शिरीषाखालच्या दगडी बाकावर आम्ही बसलो. तिथून केंद्राची खिडकी समोर दिसते. काच लावलेली होती. काचेवर आभाळ आणि झाडाची फांदी हलत होती, आणि त्या फांदीतून, पाण्याखालून दिसावीत तशी, आत दोन माणसं दिसत होती.

शेवंताबाई उठून मधल्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. त्या बोलत होत्या. भाऊरावजी मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली आणि तेही काहीतरी म्हणाले. अगदी थोडंसं. शेवंताबाई गप्प झाल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. भाऊरावजींनी हात पुढं केला. तो त्यांच्या खांद्यापाशी गेला, तिथंच जरा वेळ राहिला आणि खुर्चीच्या पाठीवर टेकला.

मी मंदाचा हात हलवला. खिडकीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. काय म्हणत असतील?

मंदा टक लावून त्या काचेकडे बघत होती. तिचे ओठ हलले. "बाबा म्हणतात..." ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य तयार होताना मला दिसलं. लांब, मऊ, गोड. ते ओठांपर्यंत आलं आणि थांबलं.

तिनं श्वास सोडला. कितीतरी वेळ धरून ठेवलेला असावा तसा.

"मला नाही माहीत, मॅडम," ती म्हणाली.